तुम्ही फिरवलेला स्क्रू

बाबा, त्या स्क्रूवरून तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. म्हणजे भांडण सुरू झालं होतं, पण तुम्ही नेहमीसारखं "असू दे गं, झाली माझी चूक" म्हणून उठलात आणि बाल्कनीत जाऊन बसलात. मी मागून ओरडले, "शनिवारी बॉनेट उघडते, मग दाखवते तुम्हाला!" तुम्ही मान न वळवता नुसता हात हलवलात. शनिवार यायच्या आत तुम्ही झोपेतच गेलात. मंदार सकाळी चहा घेऊन तुमच्या खोलीत गेला आणि कप तसाच भरलेला घेऊन स्वयंपाकघरात परत आला. "वृषाली, बाबा उठत नाहीयेत गं," एवढंच म्हणाला. सासरे गेले म्हटल्यावर सुनेने रडावं. मला आधी रागच आला. असं मध्येच उठून जायचं असतं का हो?

मिरजेहून फोनवर फोन येताहेत. सगळ्यांना मी तेच सांगते, झोपेत गेले, त्रास झाला नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनीही नीट बसवून समजावलं, की हृदय बरीच वर्षं थकलेलं होतं, हे कधीही होऊ शकलं असतं, त्या आठवड्यात घडलेल्या कशाशीही याचा संबंध जोडू नका. मिरजेला पटलं. मंदारला पटलं. पटत नाही ते फक्त तुमच्या नातीला.

ईरा क्रेमाटोरियुमच्या दारात बापाच्या खांद्यावर डोकं टेकून जर्मनमध्ये म्हणाली, "एस वार वेगेन मिर." माझ्यामुळे झालं. मंदारला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. मला मात्र ठाऊक होतं ती काय म्हणतेय. घरी आल्यावर तिने पाकिटातून नवंकोरं लायसन्स काढलं आणि मोज्यांच्या खणात टाकून दिलं. तेव्हापासून पोरगी सायकलने जाते, पावसातसुद्धा, आणि गाडी बंद पडली त्या चौकाला वळसा घालून. जेवायला बसते, भात चिवडते, उठते. तिने मनात पक्कं धरलंय की गाडी तिने बंद पाडली आणि त्या धक्क्याने तुम्ही गेलात. हे घेऊन ती आयुष्य काढणार? आत्ता कुठे अठराची झालीय हो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वृषाली, काय ते एकदाचं बघून टाक. म्हणून बघायला घेतलं.

तुम्हाला माझ्या नोकरीची केवढी गंमत वाटायची! गाडी उभी असताना, अॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन मंद आणि एकसारखं चालू राहावं, बंद पडू नये, उगाच गुरगुरू नये, एवढ्या एका गोष्टीवर मी ब्राउनश्वाइगमध्ये अख्खं करिअर काढलंय. पाहुणे आले की तुम्ही ओळख करून द्यायचात, "आमची सून इंजिनिअर आहे. गाडी जागच्या जागी कशी उभी राहावी, याचा अभ्यास करते." आणि स्वतःच खो खो हसायचात. वर पुन्हा, "त्यात काय एवढं? स्लोचा स्क्रू फिरवला की झालं." तुमच्या लेखी जगातलं प्रत्येक इंजिन म्हणजे तुमची मिरजेतली स्कूटर. दर रविवारी लुंगी वर खोचून, स्क्रूड्रायव्हर घेऊन, कान लावून तुम्ही तिचा स्लो, म्हणजे उभ्या इंजिनाचा वेग, बसवायचात. बँकेतल्या साहेबकीपेक्षा तुम्हाला त्याचाच अभिमान जास्त.

मी समजावून सांगायची, "बाबा, आता ते काम कॉम्प्युटर करतो. दिवे लावले, पंखा लावला, स्टिअरिंग वळवलं की इंजिनवर भार येतो. मग एक छोटी मोटर झडप उघडून थोडी जास्त हवा आत सोडते आणि इंजिन सावरतं." तुम्ही अगदी मन लावून ऐकायचात आणि म्हणायचात, "गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे स्क्रूच की. फिरवायला नोकर ठेवला, एवढंच." जर्मनीत राहून तुम्ही जी चार जर्मन अक्षरं शिकलात, ती सगळी माझ्यावरच वापरलीत.

आणि ते रोज सकाळचं गाडी गरम करणं! ईराला शाळेत सोडायच्या आधी तुम्ही खाली जाऊन इंजिन चालू करून ठेवायचात. इथे रस्त्यावर उगाच इंजिन चालू ठेवायला बंदी आहे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. तळमजल्यावरच्या बाई गाऊनवर कोट चढवून बाहेर यायच्या, "मोटोर आउस!" इंजिन बंद करा! तुम्ही हात जोडून "हो, हो, गूटन मॉर्गन" म्हणायचात आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा किल्ली. "उपाशीपोटी कुणाला पळवू नये," हे तुमचं शास्त्र. मी संतापायची. आता सकाळी खाली काहीच आवाज नसतो, आणि मला ते सहन होत नाही, बाबा. खिडकीशी जाऊन उभी राहते आणि मग स्वतःवरच चिडते.

त्या दिवशी तुम्ही दोघं हानोव्हरहून परत येत होतात. लायसन्स मिळाल्यावरची तिची पहिली लांबची फेरी. तिथल्या दुकानात आंबे आलेत असं कळलं आणि तुम्हाला दम धरवेना. जाताना सगळं छान झालं. येताना, शहरात शिरल्यावर, चौकात डावीकडे वळताना ऐन ट्रामच्या रुळांवर इंजिन बंद. ट्राम घंटा बडवत आली आणि हातभर अंतरावर थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ईरा घरात आली ती भिंत धरून. तिच्या मागे तुम्ही, आंब्यांची पेटी छातीशी धरून, घामाने डबडबलेले. चपला काढायच्या आधीच तुम्ही सांगून टाकलंत, "पोरीला कुणी काही बोलायचं नाही. चूक माझी आहे. उभी असताना गाडी फार आवाज करायची, म्हणून रविवारी मी स्लो कमी केला होता. जरा जास्तच उतरला वाटतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोर मरता मरता वाचली होती आणि ह्यांचं आपलं स्क्रूपुराण! "बाबा, तिला पाठीशी घालू नका," मी म्हणाले. "त्या जुन्या गाडीत तसा एक स्क्रू आहे, मान्य. पण तो कारखान्यातच रंगाचा ठिपका देऊन सील केलेला असतो. त्याला कुणी हात लावत नाही, आणि तुम्हीही लावलेला नाही. नवीन हात आहे तिचा, घाबरून क्लच सोडला असेल. होतं असं. त्यासाठी खोटं कशाला बोलायचं?"

"लावलाय मी हात! तू होतीस का बघायला?" तुमचा आवाज चढला. माझाही चढला. ईरा दारातच उभी होती. तिने तुमचं ऐकलं, माझं ऐकलं, आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

तुमचं सगळं आटोपल्यावरच्या शनिवारी मी एकटीच गाडी घेऊन भाड्याच्या गॅरेजात गेले. तिथे जागा आणि हत्यारं तासांवर घेऊन आपलं काम आपणच करायचं असतं. एक्झॉस्टला धूर ओढून घेणारा पाइप लावला की इंजिन हवा तेवढा वेळ चालू ठेवता येतं, कुणी ओरडत येत नाही. तुम्हाला ती जागा फार आवडली असती. मी लॅपटॉप जोडला. गाडीत दोष राहू नये म्हणून एरवी आम्ही जिवाचं रान करतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात दोषाची भीक मागत होते. काहीतरी निघू दे. काहीही निघू दे.

दिवे लावले. मागच्या काचेचा हीटर लावला. ब्लोअर पूर्ण सोडला. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. इंजिन दर वेळी जरासं दबायचं आणि लगेच सावरायचं. कॉम्प्युटरच्या मेमरीत एकही दोष नोंदलेला नव्हता. हवा सोडणाऱ्या त्या छोट्या मोटरचा प्लग उपसला, तर इंजिन अडखळलं. म्हणजे मोटरही काम करत होती. सगळं अगदी व्यवस्थित. मी लॅपटॉप मिटला.

घरी आले तर मंदारने दारातच विचारलं, "काय निघालं?" मी म्हणाले, "काहीच नाही." बोलले आणि जीभ चावली. ईरा तिथेच ग्लासात पाणी ओतत होती. "एबेन," ती म्हणाली. तेच तर. ग्लास न पिताच ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं. माझ्याच हाताने मी पोरीवर शिक्कामोर्तब करून आले होते.

दुसऱ्या दिवशी गवार मोडता मोडता एकदम लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारला. घरापासून गॅरेज ते कितीसं लांब! इंजिन जेमतेम कोमट झालेलं. असल्या कोमट इंजिनवर चाचणी करून "काही नाही" म्हणून एखादा ज्युनिअर माझ्याकडे आला असता, तर त्याला मी सोलून काढलं असतं. गाडी तुमच्याकडे बंद पडली ती हानोव्हरहून तापून आल्यावर. मग तशीच तापवायला हवी. पण तशीच म्हणजे कशी, ते सांगणारं आता एकच माणूस उरलं होतं.

मी ईराच्या पलंगावर जाऊन बसले. "तू चुकलीस का, ते मी विचारत नाहीये," मी म्हणाले. "मला फक्त क्रम सांग. आधी काय, मग काय." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग जर्मनमध्ये, तुटक तुटक सांगायला लागली. आउटोबान, बराच वेळ वेगात. मग श्टाऊ, भर उन्हात, गाड्यांची रांग हलेचना. आजोबांना उकडायला लागलं म्हणून ब्लोअर लावला. मग सिग्नल. मग डावीकडे.

"क्लचवर पाय होता?"

ती वळली. "वाइस इख निख्त, आई," म्हणाली. मला माहीत नाही. आणि मग, अगदी हळू, "आजोबांना माहीत होतं. ते शेजारीच होते. म्हणून तर ते खोटं बोलले."

बाबा, तेव्हा मला कळलं. ट्रामची भीती केव्हाच मागे पडली होती. पोरगी अडकली होती ती या एका गोष्टीत. आजोबांनी पाहिलं, आजोबांना कळलं की चूक हिची, आणि तशाच मनाने आजोबा गेले.

पुढच्या शनिवारी तिला ओढतच नेलं. "चालवू नकोस, नुसती शेजारी बस." ती दाराला चिकटून, मांडीखाली हात दाबून बसली होती. मी आउटोबानवर गाडी चांगली तापवली, परत येताना मुद्दाम गर्दीच्या रस्त्याने रखडत आणली आणि तशीच गॅरेजात घातली. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. "उतर," मी म्हणाले. दोघी खाली उतरलो. आत कुणीही नाही, कुठल्याही पेडलवर कुणाचाही पाय नाही. "आता बघ."

काही झालं नाही. इंजिन आपलं शहाण्यासारखं चालू. ईरा माझ्याकडे बघेना. मी ब्लोअर सोडला, दिवे लावले. तरी नाही. मला वाटलं, झालं, आता हिला मी कायमची गमावली. तेवढ्यात रेडिएटरचा पंखा घरघरून सुरू झाला. मी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे ओढलं. इंजिनाच्या वेगाचा काटा खाली आला. आणखी खाली. स्क्रीनवर दिसत होतं, कॉम्प्युटर मोटरला सांगतोय, झडप उघड, अजून उघड, आणि हवा काही वाढत नाहीये. इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

ईरा जागची हलली नाही. "नोखमाल," म्हणाली. पुन्हा. मी पुन्हा चालू केलं, पुन्हा स्टिअरिंग ओढलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तिने स्वतः खिडकीतून हात घातला. तिच्या हातातही बंद पडलं, आणि तिचे दोन्ही पाय माझ्यासमोर गॅरेजच्या जमिनीवर होते. मी सांगितलं, त्या मोटरमध्ये काजळी साठलीय. गार असताना ती हलते, कडक तापली की जागच्या जागी अडकते. तू क्लच धरला असतास, सोडला असतास, काहीही केलं असतंस, तरी गाडी त्या वळणावर बंद पडणारच होती. पोरगी तिथल्या टायरवर बसली आणि मोठ्याने रडली, बाबा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. माझा जीव भांड्यात पडला.

मग नाक पुसत म्हणाली, "म्हणजे आजोबा खरंच बोलत होते. त्यांनी तो स्क्रू खरंच फिरवला होता." आणि ती हसली. "मला वाटायचं, त्यांना वाटतंय की मीच केलं." मी काही बोलायच्या आत ती तोंड धुवायला गेली.

मोटर काढून साफ करायची तर आधी हवेचा जाड पाइप काढावा लागतो. मी तो काढला. पाइपच्या मागेच तो स्क्रू. बॅटरीचा उजेड धरला. डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका, अखंड. कुठे चीर नाही, ओरखडा नाही. कारखान्यातून निघाल्यापासून त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

तर बरोबर होतं माझं. तुम्ही खोटंच बोलला होतात.

मी लग्न होऊन मिरजेत आले, त्या पहिल्या महिन्यात माझ्या हातून दुधाचं पातेलं करपून कोळसा झालं होतं. सासूबाई स्वयंपाकघरात यायच्या आधी तुम्ही पेपर टाकून धावत आलात आणि म्हणालात, "अगं, मीच ठेवलं होतं दूध, विसरलो." त्यांनी तुम्हाला काय काय सुनावलं! तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत. परक्या घरात आपलं कुणीतरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्याबद्दल तुम्हाला एका शब्दाने कधी काही म्हटलं नाही, आत्ता म्हणते. पण बाबा, तेव्हा पातेलं मीच करपवलं होतं. तुम्ही दोष अंगावर घेता तो दुसऱ्याचा आहे हे माहीत असतं तेव्हाच. म्हणजे ट्रामसमोर, त्या सीटवर बसून, तुम्हालाही वाटलं की पोरीनेच क्लच सोडला. ईराला जे वाटत होतं, ते खरं होतं.

नळाचं पाणी थांबलं. टॉवेलचा कागद ओढल्याचा आवाज आला.

माझ्या आयुष्यात मी खोटं रीडिंग दिलेलं नाही. सील केलेल्या स्क्रूला हात लावणाऱ्यांना मी भर मीटिंगमध्ये फाडून खाल्लंय. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू कुठे आहे त्याची खूण केली, टोकाने पिवळा रंग खरवडला, स्क्रू जरासा सैल सोडला आणि रंगाच्या कपच्या बोटाने तिथेच पसरल्या.

"त्साइग माल," ईरा मागून म्हणाली. दाखव ना. मी बॅटरी तिच्या हातात दिली. ती वाकली. मी म्हणाले, "हा बघ. मोटर अडकत होती, त्यात आजोबांनी स्लो उतरवून ठेवला. दोन्ही मिळून झालं."

ती कितीतरी वेळ वाकून बघत होती. मला वाटलं, कळलं हिला. रंग ताजा खरवडलेला आहे, हे हिला दिसलं. मग तिने बॉनेटच्या कडेवर थाप मारली आणि म्हणाली, "आजोबा पण ना!" डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू.

मी स्क्रू खुणेवर परत आणला, मोटर साफ करून बसवली, गाडी पुन्हा तापवून सगळं तपासलं. इंजिन बंद पडलं नाही. ईराने हात पुढे केला. किल्ली मागितली. त्या चौकातूनच नेली तिने, वळसा न घालता. डावीकडे वळताना ट्राम येत होती म्हणून रुळांच्या अलीकडे थांबली, नीट थांबली, ट्राम जाऊ दिली आणि निघाली. मी दाराचा दांडा धरून बसले होते. ती म्हणाली, "आई, सोड तो."

आता ती सगळ्यांना सांगत सुटलीय, आजोबांनी गाडीचा स्क्रू फिरवला होता. मिरजेलाही फोनवर सांगून झालं. मंदारसुद्धा "बाबांना काही हात लावल्याशिवाय राहवायचंच नाही" म्हणून हसतो. मी गप्प बसते. गाडी बंद पाडल्याचा ठपका कायमचा तुमच्या नावावर लागला. तुम्हाला तेच हवं होतं. घ्या.

पण एक गोष्ट तुम्ही चुकीची धरून गेलात, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, म्हणून हे सगळं. तिने क्लच सोडला नव्हता, बाबा. पोरीला चांगली येते गाडी.